रिकामं जाळंही वहीत उतरू द्या

वाचकाचं पत्र

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी नोव्हेंबरपासून कोल्हापुरात एका प्रकल्पावर सहायक म्हणून काम करतेय. पंचगंगेतल्या आणि शहराच्या तलावांतल्या परक्या, आक्रमक माशांवर लक्ष ठेवायचं, असं काम आहे. सहा ठिकाणं दिली आहेत : प्रयाग चिखली, राजाराम बंधारा, रुई बंधारा, तेरवाड बंधारा, रंकाळा आणि कळंबा. चार महिने झाले, चिलापी (तिलापिया) सोडली तर काही हाती लागत नाही. कळंब्यात तर तीनदा जाळं रिकामं आलं. जाळं टाकणारे मामा म्हणतात, "मांगूर हाय की, ढीगभर!" पण तो देशी की आफ्रिकन, ते मला ओळखता येत नाही. सर म्हणतात, माशांची यादी करून द्या. एक मैत्रीण म्हणते, आता पाण्यातला डीएनए तपासतात, जाळी कशाला ओढत बसतेस? माझा वेळ वाया चाललाय का? नेमकं काय करायचं, कसं आणि किती वेळा?
— एक वाचक, ता. करवीर

उत्तर

नमस्कार.

वेळ वाया चाललाय की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरेल. कळंब्याला जाळं रिकामं आलं त्या तीन दिवशी वहीत काय लिहिलंत? 'मासे नाहीत' एवढंच असेल, तर हो, त्या तीन रात्री गेल्या. पण जाळं किती मीटर, कोणत्या आसाचं (म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या मापाचं), किती वाजता सोडलं, कधी उचललं, पाणी किती अंश, चांदणं होतं की अंधारी रात्र, हे लिहून पुढे शून्य मांडलं असेल, तर ती तुमची आजवरची सगळ्यात मोलाची नोंद आहे. उद्या कळंब्यात एखादा नवा मासा सापडला आणि कुणी विचारलं, हा आला कधी, तर उत्तर त्या शून्यांतूनच निघणार. सरांना यादी जरूर द्या. यादी वहीतून केव्हाही काढता येते, यादीवरून वही मात्र कुणाला भरता येत नाही.

जाळं रिकामं का आलं, याचं कारणही बहुधा साधं आहे. तुम्ही ऐन थंडीत जाळी टाकलीत. गिलनेट माशाच्या मागे जात नाही. मासा फिरेल, येऊन आसात मान घालेल, तेव्हा ते धरणार. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की चिलापीचं खाणं-फिरणं मंदावतं, मग तळ्यात ती असूनही जाळ्यात येत नाही. त्यात पाणी नितळ आणि रात्र पौर्णिमेच्या जवळची असेल, तर नायलॉनची तार तिला दिसते. तिसरी शक्यता जागेची : जाळं मध्यावर खोलात लावलं आणि मासे काठच्या गवतात. पाणी तापेल तसा आता फरक दिसू लागेल. तो दिसेपर्यंत कंटाळून जाळं बदलू नका, जागा हलवू नका. थंडीतले आकडे उन्हाळ्याशी ताडून पाहायचे असतील, तर दोन्हीकडे तेच जाळं हवं.

आता मूळ प्रश्न. तुमच्या कामाच्या एका नावाखाली दोन वेगळी कामं दडली आहेत आणि सगळा गोंधळ त्यातून होतो. पहिलं काम आहे बस्तान बसलेल्या माशांवर नजर ठेवण्याचं. चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. सायप्रिनस (कॉमन कार्प) त्याआधी १९३९ मध्ये आला आणि त्याची दुसरी जात १९५७ मध्ये. गवत्या (ग्रास कार्प) नि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोन्ही १९५९ चे. डासांसाठी आणलेला गँबुशिया तर १९२८ पासून इथे आहे. हे मासे काढून टाकणं आता कुणाच्या हातात नाही. ते वाढतायत की घटतायत, आपल्या खवल्या-कोळशीसारख्या देशी माशांच्या वाट्याचं किती खातायत, एवढंच मोजायचं. दुसरं काम आहे दार राखण्याचं : सकर (काचेच्या टाकीत पाळतात तो काटेरी सकरमाउथ), आफ्रिकन मागूर, रूपचंद (पाकू) असे मासे तुमच्या ठिकाणी पहिल्यांदा दिसतील तो दिवस पकडणं. पहिल्या कामात पद्धत अजिबात बदलायची नाही. दुसऱ्यात मात्र मासा जिथे नि जसा सापडेल तसा शोधायचा, नियम फक्त नोंदीचा. एकच जाळं घेऊन दोन्ही कामं करायला गेलात, तर दोन्ही अर्धवट राहतील.

(जाता जाता : रोहू, कटला, मृगळ हेसुद्धा मूळचे गंगा-सिंधूच्या खोऱ्यातले. कृष्णेच्या खोऱ्यात ते माणसानेच आणून सोडले. त्यांना आक्रमक म्हणायचं की नाही यावर बैठकीत वाद घालत बसू नका, पण वहीत 'देशी' या रकान्यात त्यांना बसवू नका. 'बाहेरून सोडलेले' असा तिसरा रकाना आखा.)

आधी पहिलं काम. प्रत्येक ठिकाणासाठी गिलनेटचा एकच संच ठरवा. सहा तुकडे, प्रत्येक १५ मीटर लांब आणि दीड मीटर खोल. ताणून मोजलेला आस ३०, ४५, ६०, ८०, १०० आणि १२० मिलिमीटर. एकाच आसाचं जाळं वापरलं की त्या मापाचेच मासे येतात आणि तळ्यात दुसरे नाहीतच असं वाटू लागतं. तुकड्यांचा क्रम दर खेपेला चिठ्ठ्या टाकून बदला, नाहीतर काठाजवळ कायम बारीक आसच राहील. संध्याकाळी सहाला लावायचं, सकाळी सहाला उचलायचं. रात्री निदान दर दोन तासांनी जाळ्यावरून फेरी हवी. अडकलेलं कासव पाण्याखाली गुदमरून मरतं, आणि जाळ्यात मेलेल्या माशाला खेकडे असे खातात की सकाळी जात ओळखायला डोकंसुद्धा उरत नाही.

या संचाचं क्षेत्रफळ भरतं १३५ चौरस मीटर. समजा बारा तासांत २७ चिलापी आल्या. २७ भागिले १३५ गुणिले १०० म्हणजे २०, अर्थात १०० चौरस मीटर जाळ्यामागे एका रात्रीत २० मासे. आता समजा सकाळी उशीर झाला आणि जाळं १४ तास पाण्यात राहिलं, तर त्याच २७ माशांचा आकडा १७ वर येतो. वेळ न लिहिल्याने एवढा फरक पडतो. आणखी एक खोड सांभाळा : केंदाळ (जलपर्णी) वाहत येऊन जाळ्याचे दोन तुकडे गुंडाळले गेले, तर ते तुकडे क्षेत्रफळातून वजा करा. भरलेलं जाळं मासा धरत नाही, तरी बहुतेक अहवालांत ते धरल्यासारखंच मोजलेलं असतं.

गिलनेटमध्ये पिल्लं येत नाहीत, म्हणून जोडीला १० ते १२ मिलिमीटर आसाचं फेकजाळं घ्या आणि काठाने ठरलेल्या दहा जागी दहा फेकी टाका. फेक नीट उघडली नाही तर तीही मोजायची, पुढे 'अर्धी' असं लिहून. गप्पी आणि गँबुशियासाठी मच्छरदाणीच्या कापडाचं हातजाळं : काठच्या गवतात एकेक मीटरचे वीस ओढे.

मासे मोजताना प्रत्येक जातीचे पहिले ५० मिलिमीटरमध्ये मोजायचे, उरलेले मोजून एकत्र वजन. मापपट्टीवर माशाचं तोंड शून्याच्या आडपट्टीला टेकलं पाहिजे. शेपटीचा पर मिटवून घेतलेली लांबी आणि पसरून घेतलेली लांबी यात मोठ्या माशात काही मिलिमीटरचा फरक पडतो, तेव्हा एकच रीत धरा. नंतर दहा-दहा मिलिमीटरचे गट पाडून आलेख काढा. ५० मिलिमीटरच्या आतल्या चिलापी दर महिन्याला येत असतील, तर ती तिथेच वीत आहे. सगळ्या दीडशे ते दोनशेच्या मधल्या असतील, तर त्या बहुधा जवळच्या शेततळ्यातून सुटून आल्या. उपाय कुठे करायचा, काठावर की शेततळ्याच्या सांडव्यावर, हे या एका आलेखावरून ठरतं.

चिलापीची मादी अंडी तोंडात वागवते. जाळ्यातून काढताना ती धडपडते आणि अंडी ओकून टाकते, मग घरी आणलेली मादी रिकामी दिसते. म्हणून काठावरच, जाळ्यातून सोडवताच, अंगठ्याने खालचा जबडा दाबून तोंड उघडा. पिवळट-नारिंगी, नाशपातीच्या आकाराची दोन-तीन मिलिमीटरची अंडी किंवा डोळे फुटलेली पिल्लं घशाशी दिसतात. बादलीच्या तळाशी तशी अंडी सापडली तरी नोंद करा, फक्त कोणत्या मादीची ते कळणार नाही. बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात तोवर पाणी संथ राहतं, तिला तेच हवं असतं. पाणी उतरलं की उथळ तळाला नरांनी उकरलेले ताटासारखे गोल खड्डे दिसतात. दहा मीटर काठात किती खड्डे, तेही मोजता येतं आणि त्याला जाळं लागत नाही.

किती वेळा, या प्रश्नाचं उत्तर थोडं गणिताने द्यावं लागेल. समजा एखादा दुर्मिळ मासा तळ्यात आहे आणि एका रात्रीत तो तुमच्या जाळ्यात येण्याची शक्यता ०.३ आहे. तीन रात्री तो निसटण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ०.३४. तीनदा रिकामं जाळं बघून 'कळंब्यात तो नाही' असं लिहिलंत, तर तीनातल्या एका खेपेला चुकाल. तो असेल तर सापडलाच पाहिजे, अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर नऊ रात्री लागतात. शक्यता ०.५ असेल तर पाच पुरतात, ०.२ असेल तर चौदा. म्हणून सहाही ठिकाणी दर महिन्याला एकेक रात्र देण्यापेक्षा वर्षातून दोन हंगाम निवडा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि प्रत्येक ठिकाणी लागोपाठच्या रात्री द्या. महिन्याची रात्र फक्त राजाराम बंधारा आणि रंकाळ्याला ठेवा, म्हणजे हंगामाचा चढउतारही हाती राहील. सरांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. आकडा समोर असला की ठिकाणं कमी करायला वरिष्ठ लवकर तयार होतात.

आता मामांचा मांगूर. देशी आणि आफ्रिकन, दोघांनाही मिशांच्या चार जोड्या, खवले नाहीत, पाठीवर लांबच लांब पर. रंगावर जाऊ नका, चिखलात दोघेही काळे होतात. ओल्या बोटाने डोक्यावरून पाठीकडे चाचपत या. कवटीचं हाड मागच्या बाजूला जिभेसारखं बाहेर आलेलं असतं. त्याचं टोक गोलसर लागलं तर देशी, त्रिकोणासारखं टोकदार लागलं तर आफ्रिकन. मग मासा उलटा करा. आफ्रिकनच्या डोक्याच्या खालच्या बाजूला, गळ्याच्या दोन्ही अंगांना, गडद लांबट पट्टे असतात आणि अंगावर बऱ्याचदा संगमरवरासारखे डाग. देशी मागूर किलोभराचा होणंही विरळा, तेव्हा दोन-तीन किलोचा 'मांगूर' दिसला की जवळपास उत्तर मिळालंच. तरी लहान माशात चूक होते, म्हणून डोक्याचा वरून फोटो, खालून फोटो आणि पराचा तुकडा, हे तिन्ही हवंच.

ही ओळख नीट करण्यामागे आणखी एक कारण आहे. जगातल्या सर्वांत वाईट शंभर आक्रमक जातींच्या यादीत 'क्लॅरियस बॅट्रॅकस' हे नाव आहे आणि आपल्या देशी मागुराला कित्येक वर्षं तेच नाव होतं. आता आपला मासा 'क्लॅरियस मागूर' म्हणून वेगळा धरतात आणि तो जगाच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. जुनं पुस्तक हाती धरून वही भरलीत, तर ज्याला वाचवायचं त्यालाच घुसखोर ठरवाल.

चिलापीतही दोन पाहुण्या आहेत. शेपटीच्या परावर नीटस उभ्या रेघा वरपासून खालपर्यंत असतील तर नाईल चिलापी. विणीच्या काळातला नर काळाकुट्ट, गळा पांढरा, पराच्या कडा लाल, तर मोझांबिक. पाठीच्या परातले काटे मोजायला सांगतात, पण दोघींचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि संकरही भरपूर आहेत. रेघा अर्ध्या, गळा पांढरट, असं काही दिसलं तर फक्त 'ऑरिओक्रोमिस' हे दोघींचं सामाईक नाव लिहून थांबा. खोटी खात्री लिहिण्यापेक्षा अर्धं नाव चांगलं. रूपचंद सापडला तर कुणीतरी 'पिरान्हा' म्हणून ओरडणारच. त्याचे ओठ उघडून दात दाखवा : रूपचंदाचे दात दाढांसारखे बोथट, पिरान्हाचे करवतीसारखे टोकदार. गप्पी आणि गँबुशिया यांत गँबुशियाच्या शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. आणि पाण्याच्या पृष्ठभागावर फिरणाऱ्या माशाच्या डोक्यावर एकच चमकता पांढरा ठिपका दिसला, तर तो आपला ॲप्लोकायलस, त्याला परत सोडा. डासांसाठी गप्पी सोडताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, खरं तर डासांच्या अळ्या तोही खातो.

सकरसाठी जाळ्यावर भिस्त ठेवू नका. तो दिवसा दडतो, रात्री तळाला चरतो, आणि जाळ्यात आलाच तर त्याच्या काट्यांनी जाळं असं गुंततं की मामा ते कापूनच टाकतील आणि तुम्हाला सांगणारही नाहीत. त्याचा माग काढायची वेळ आता येतेय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मातीच्या उभ्या काठावर त्याची बिळं उघडी पडतात : पाण्याच्या रेषेजवळ, आडवी, तळहात आडवा आत जाईल इतकी रुंद, तोंड काहीसं त्रिकोणी. खेकड्याचं बीळ अरुंद आणि तोंडाशी चिखलाच्या गोळ्या. खंड्याचं बीळ काठावर बरंच वर. हात मात्र आत घालू नका, काठीने मोजा. सापही तिथेच राहतात. ठरलेल्या १०० मीटर काठात बिळं किती ते दर एप्रिल-मे मध्ये मोजलं, तर सकर नसतानाची पाटी कोरी मिळते, आणि पुढे तो आलाच तर फरक लगेच कळतो. मासा मिळालाच तर पाठीच्या परातले किरण मोजा : दहा किंवा जास्त असतील तर 'टेरिगोप्लिक्थिस'. पोटावरच्या नक्षीचा फोटो घ्या, पुढची ओळख त्यावर आहे.

मामांना तुमच्या वहीत आणायचं असेल, तर मासा फुकट मागू नका. आलेला मासा बाजारभावाने विकत घ्या आणि दर शनिवारी ठरल्या वेळी जा. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, 'मांगूर, ढीगभर, मामांच्या म्हणण्यानुसार', आणि स्वतः बघितलेलं वेगळ्या शाईने. आफ्रिकन मागुराचं पालन देशात बंद आहे, त्यामुळे शेततळ्यात तो आहे का, असं सरळ विचारलंत तर माणसं गप्प होतील. 'पुरात तळ्यातला कुठला मासा गेला हो?' असं विचारा. मासळी बाजारातही फेरी ठेवा, मात्र तिथे दिसलेला मासा ही पंचगंगेची नोंद नव्हे. बाजारातली चिलापी दूरच्या जलाशयातून बर्फात आलेली असू शकते. 'कुठला माल?' या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत रकाना कोरा ठेवा.

मैत्रिणीचं डीएनएचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे. पाण्यात माशाची विष्ठा, श्लेष्मा, खवल्यांचे कण असतात, त्यातला डीएनए पकडून जात ओळखता येते. दार राखण्याच्या कामाला ते उत्तम आहे. पण किती मासे, केवढे, वीत आहेत की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि कोल्हापुरात त्याला एक खास अडचण आहे. जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून घराघरातलं आणि खानावळींचं सांडपाणी नदीत येतं. स्वयंपाकघरात कुणी रूपचंद किंवा सुरमई धुतली असेल, तर तिचाही डीएनए नदीत सापडेल. म्हणून नमुना नाल्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला असा जोडीने घ्या. प्रत्येक ठिकाणी एकेक लिटरचे तीन नमुने, शिवाय एक बाटली शुद्ध पाण्याची, तीही काठावरच उघडून तशीच गाळायची. त्या कोऱ्या बाटलीत चिलापी निघाली, तर दोष तुमच्या हातमोज्यांचा. जाळी टाकायच्या आधी पाणी घ्या, नंतर नाही. पावसाळ्यात गाळामुळे गाळणकागद पाव लिटरलाच तुंबतो, तेव्हा किती पाणी गेलं ते लिहा. कागद लगेच ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा.

पहिली नोंद कधीही फोटोवर जाहीर करू नका. 'नदीत राक्षसी मासा' ही बातमी छापून आली की काठावर गर्दी होते, मामा बोलायचे बंद होतात आणि शास्त्राला नमुना मिळत नाही. दोन-तीन मासे ठेवा. मारायचे ते लवंग तेलाने : एक भाग तेल नऊ भाग इथेनॉलमध्ये मिसळून, त्या मिश्रणाचे चार-पाच मिलिलिटर दर लिटर पाण्यात. कल्ले हलायचे थांबल्यावर आणखी दहा मिनिटं. मागूर आणि सकर वरची हवा घेतात, त्यांना फार वेळ लागतो, म्हणून शेवटी मेंदू भेदून खात्री करावी लागते. ते आधी शिकून घ्या. मग फॉर्मॅलिनला (नमुना टिकवायच्या द्रावणाला) हात लावण्याआधी पराचा तुकडा कापून शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या माशाचा डीएनए काढणं म्हणजे डोकेदुखी. त्यानंतर एक भाग बाजारचं फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी. वीतभरापेक्षा मोठ्या माशाच्या पोटात ते सुईने भरा, नाहीतर आतून सडतो. आठवडा-दहा दिवसांनी पाण्यात धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहून बरणीच्या आत; शाई विरघळते आणि बाहेरचं लेबल गळून पडतं. फॉर्मॅलिनने कर्करोगाचा धोका असतो, तेव्हा हातमोजे, उघडी खिडकी. नमुना पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात तपासायला पाठवा.

आणि कृपा करून परके मासे तुम्हीच पसरवू नका. रंकाळ्यातून ओलं जाळं थेट कळंब्याला नेणं हा गुन्हा समजा. जाळ्याच्या गाठीत अंडी, केंदाळाच्या मुळाचा तुकडा, गोगलगाय, काहीही जातं. आधी झटकून सगळं निवडा, मग धुवा, मग हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवा आणि त्यानंतरही आणखी ४८ तास वाळू द्या. एवढा वेळ नसेल तर घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, दहा मिनिटं बुडवून खळखळून धुवा. हे पाणी कळंब्याच्या आसपास कुठेही ओतायचं नाही, तो पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. प्रत्येक तलावाला वेगळी बादली आणि वेगळं हातजाळं ठेवता आलं तर निम्मी कटकट संपते.

परवानग्यांचं थोडक्यात : रंकाळ्यासाठी महापालिका, तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिचं लेखी संमतीपत्र, मत्स्यव्यवसाय विभागाला माहिती. पुढे राधानगरीकडे काम वाढलं तर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाचं पत्र मिळाल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. नावेवर लाइफ जॅकेट. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि पंचगंगेतही दिसतात, तेव्हा संध्याकाळी कमरेभर पाण्यात उतरायचं नाही. पायाला जखम असेल तर सांडपाण्याच्या काठावर गमबूट असूनही उतरू नका. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा असतो.

नोकरीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक वाक्य : क्यूजीआयएस या संगणकप्रणालीत नकाशा आणि 'आर' या प्रणालीत हा हिशेब करता येणारी व्यक्ती या क्षेत्रात शोधावी लागते, पावसाळ्यात घरी बसाल तेव्हा ते शिका.

पावसाळ्यात नदीत जाळं टाकायचं नाही, पण वही बंद करायची नाही. बरगे कधी काढले ती तारीख लिहा. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज लिहा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. तुम्ही मात्र आणखी एक आकडा शोधा : कोणत्या फुटाला कोणत्या गावच्या शेततळ्यात नदी शिरते. आत्ताच, उन्हाळ्यात, चिखली ते तेरवाड काठाकाठाने फिरून तळी नकाशावर टाका, प्रत्येकात काय सोडलंय ते विचारून. पूर ओसरला की पहिल्या पंधरवड्यात त्या तळ्यांच्या खालच्या अंगाला, शेतात साचलेल्या डबक्यांत आधी हातजाळं फिरवा. नदीच्या मुख्य धारेत पोचायच्या आधी पळून आलेला मासा तिथेच सापडतो.